हीटरची नळी

"काका, हीटरची नळी तोडून टाकू?"
थंगराजने बॉनेटखालूनच विचारलं.
"जरा पाझरतेय. आणि मुंबईत हीटर लावतो कोण?
इथून इथे एक जोड मारला की विषय संपला."

सायन-कोळीवाड्याची ती गल्ली.
दाताच्या दवाखान्यात बसल्यासारख्या
आ वासून उभ्या गाड्या,
आणि त्यांत माझी सफारी,
पंधरा वर्षांनंतर आरटीओत पुन्हा पास झालेली,
खिडकीच्या रबरातून वय दाखवणारी.

तीन उन्हाळे मी नुसता गॅस भरून घेत होतो.
चेंबूर नाक्यावर, कुर्ल्यात, एकदा पंपाशेजारच्या पोराकडून.
दीड महिना गार, मग कोमट,
मग नुसताच पंख्याचा फुत्कार.
थंगराज आधी बाटलीला हातच लावत नाही.
"भरणारे पन्नास आहेत," म्हणतो.
"गॅस काय डिझेल आहे, जळून संपायला?
कमी झाला म्हणजे कुठून तरी गेला."
निळी नळी, लाल नळी, दोन घड्याळं,
मग साबणाचा फेस
सांध्यासांध्यावर, दाढीच्या ब्रशने.
आम्ही दोघं वाकून बघत राहिलो.
बराच वेळ काही नाही.
मग कॉम्प्रेसरच्या मागे एक बुडबुडा
आला, फुगला, फुटला, पुन्हा आला,
झोपलेल्या तान्ह्याच्या ओठांवर येतो तसा.
चौदा रुपयांचं रबरी कडं.

कंडेन्सर त्याने पाण्याने धुतला,
पाती वाकू नयेत म्हणून धार बारीक ठेवून.
खाली वाहत आली लाल माती,
मेट्रोच्या कामाचं सिमेंट,
कशेडी घाटातले कितीएक रात्रकिडे,
एका फुलपाखराचा अर्धा पंख.
इतके प्रवास मला आठवतही नव्हते.

मग तो डाव्या सीटपुढे गुडघे टेकून बसला,
पायपुसणं उचललं,
खालून निघाला वर्तमानपत्रांचा लगदा, थरावर थर.
"हे कोणी घातलं?"
मला माहीत नव्हतं.
म्हणजे, माहीत होतं. तिथे एकच माणूस बसतं.
गारव्याचं पाणी बाहेर टाकणारी नळी तुंबली होती
आणि दोन वर्षं ते थेंब थेंब
शरयूच्या पावलांवर पडत होतं.
ती जुना पेपर काढत होती, नवा घालत होती.
मला म्हणाली नाही. किंवा म्हणाली असेल,
मी तेव्हा गॅसच्या भावावर बोलत असेन.

"तोडू ना मग?" थंगराजने पुन्हा विचारलं.
मी त्याला कसाऱ्याचं सांगितलं.
मे महिना, नाशिकला भाचीचं लग्न,
मागे चार माणसं आणि रुखवताची खोकी,
काटा लाल रेघेला टेकलेला,
पुढे ट्रक, मागे ट्रक, थांबायला जागा नाही.
एसी बंद केला, काचा खाली घेतल्या
आणि हीटर लावला, पूर्ण.
इंजिनाचा ताप आम्ही अंगावर घेतला.
मामी शिव्या घालत होत्या,
चॉकलेटचं तुळशीवृंदावन खोक्यातच बसलं,
शरयू ओल्या रुमालाने माझी मान पुसत होती,
आणि काटा एकेक केस मागे सरकत होता.

थंगराज हसला.
नवी नळी टाकली, दोन्ही टोकांना नवे क्लॅम्प.
तार घालून ती दुसरी, तुंबलेली, मोकळी केली
तेव्हा गाडीखाली भळकन काळं पाणी पडलं,
मग गढूळ, मग नितळ थेंब.
"आता खाली सांडत राहील, घाबरू नका.
सांडतेय तोवर गाडी बरी आहे."

संध्याकाळी माटुंग्याला तिच्या वाचनालयासमोर थांबलो.
ती बसली, चपला काढल्या,
सवयीने पाय वर घेऊन मांडी घातली.
मी काही बोललो नाही. एसी दोनवर ठेवला.
किंग्ज सर्कलच्या सिग्नलला
तिने एक पाऊल खाली सोडलं, अंगठ्याने चाचपलं.
मग दुसरं.
"कोरडं आहे," म्हणाली,
आणि पिशवीतून आणलेला जुना पेपर
घडी उलगडून
वाचायला घेतला.